एका दिवसाची माडी

माडाची पोय उमलण्याआधी बांधून तिच्या टोकाला काप दिला की जो गोड रस ठिबकतो ती निरा, आणि तोच रस आंबला की माडी. ताडाच्या झाडापासून मिळते ती ताडी, शिंदीच्या झाडापासून ती शिंदी. उत्तर कोकणात, पालघर-ठाण्याच्या पट्ट्यात, ताड भरपूर म्हणून तिकडे ताडीचा जोर. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पुळणीमागच्या आगरांत माडच माड, म्हणून इथे माडी. दक्षिणेला मालवण-वेंगुर्ल्याकडे सरकावे तसा ‘सूर’ हा शब्द कानावर येऊ लागतो आणि गोव्यात तोच रूढ आहे. संस्कृतातल्या ‘सुरा’शी त्याचे नाते जोडले जाते. नाव कोणतेही असो, पदार्थाचा स्वभाव एकच: सकाळी गोड, दुपारी चढलेला, दुसऱ्या दिवशी आंबट. रत्नागिरीतल्या माडीचा इतिहास या स्वभावाभोवतीच फिरतो, कारण जी वस्तू दिवसभरही एका रूपात राहत नाही तिच्यावर कर कसा बसवायचा, हा प्रश्न इथल्या प्रत्येक राजवटीला पडला.

माडी काढण्याचे काम वरवर साधे दिसते. माडाच्या खोडाला पाऊल टेकण्यापुरत्या खाचा पाडलेल्या असतात. काढणारा कमरेला आकडी बांधतो, तिच्यात मागच्या बाजूला धारदार कोयती अडकवतो, शेजारी भांडे लोंबकळते. हे भांडे पूर्वी वाळवून पोखरलेल्या दुध्या भोपळ्याचे असे; हलके, न फुटणारे आणि आतून कायम आंबूस वासाचे. आता तिथे प्लास्टिकचा कॅन आला आहे. पोय अजून कवचात मिटलेली असतानाच ती दोरीने किंवा झापाच्या पातीने आवळून बांधतात, म्हणजे ती फुटत नाही. मग काही दिवस कोयतीच्या मुठीने किंवा लाकडी ठोक्याने तिला हलक्या हाताने चहूबाजूंनी ठोकतात आणि रोज थोडी थोडी खाली वाकवतात. या ठोकण्यात सगळे कसब आहे. जोर कमी पडला तर रस सुटत नाही, जास्त झाला तर पोय आतून कुजते. रस सुटू लागला की टोकाला मडके बांधतात. सकाळी आणि संध्याकाळी मडके रिकामे करायचे आणि दरवेळी टोकाची जुनी जखम कागदाइतकी पातळ चकती काढून ताजी करायची. ही चकती जाड झाली तर पोय लवकर संपते. नीट हाताळलेली पोय महिनाभर किंवा त्याहून अधिक काळ रस देते. एका पोयीचे दिवसाचे उत्पन्न लिटर-दीड लिटरच्या आसपास, पण झाड, ऋतू आणि हात यांप्रमाणे ते बरेच बदलते. पावसाळ्यात खोड शेवाळते आणि वारा माथा हलवतो. पडून मरण आलेल्यांच्या हकिगती या धंद्यातल्या प्रत्येक घरात असतात.

झाडावरून रस सुटतो तेव्हा त्यात दर शंभर भागांत बारा ते पंधरा भाग साखर असते आणि तो जवळजवळ पाण्यासारखा स्वच्छ असतो. मडक्यात आधीच्या दिवसाचे किण्व असते, हवेतले आणि पोयीवरचे वेगळे. ते साखरेवर तुटून पडतात. काही तासांत रस दुधाळ पांढरा होतो, कडेला फेस धरतो, आणि त्यातला मद्यांश चार ते सहा टक्क्यांपर्यंत चढतो. हे काम एकट्या यीस्टचे नाही. दुधात असतात तसले आंबवणारे जीवाणू आणि झायमोमोनास नावाचा साखरेपासून मद्य करणारा जीवाणूही त्यात असतात, म्हणून माडीला गोडी, आंबटपणा आणि वायूची चुणचुण एकाच घोटात येते. एक दिवस उलटला की ॲसिटिक आम्ल करणारे जीवाणू वरचढ होतात आणि माडीचा शिरका होऊ लागतो. आंबणे रोखायचे तर मडक्याला आतून चुना फासतात. मग उतरते ती निरा, जी उकळून गूळही करता येतो. थोडक्यात, चुन्याचा एक हात फिरवला की नाही, यावर मडक्यातला माल पौष्टिक पेय ठरणार की मद्य, हे ठरते. पुढे कायद्यालाही हाच चुना महत्त्वाचा वाटला.

माडीच्या जवळचा परदेशी नातेवाईक शोधायचा तर तो इंग्लंडच्या पिंपातल्या एलमध्ये सापडतो. जवापासून केलेल्या माल्टचा गरम पाण्यात काढा करतात, तो हॉप्स घालून उकळतात, यीस्ट घालून आंबवतात, आणि आंबणे पुरते थांबण्याआधीच पिंपात भरतात. यीस्ट जिवंतच राहते, पिंपात पुन्हा थोडे आंबते, आणि वायू बाहेरून न भरता आतच तयार होतो. पिंप तळघरात अकरा-तेरा अंशांवर ठेवतात आणि एकदा उघडले की तीन-चार दिवसांत संपवावे लागते. विसाव्या शतकाच्या मध्यात ब्रिटनच्या मोठ्या कारखान्यांनी गाळलेली, निर्जंतुक केलेली आणि वायू भरलेली बिअर सगळीकडे पोचवायला सुरुवात केली, तेव्हा जुन्या जिवंत एलच्या बाजूने १९७१ साली ग्राहकांची एक मोहीम उभी राहिली. पुढे ‘कॅम्पेन फॉर रिअल एल’ या नावाने ती प्रसिद्ध झाली, आणि ‘रिअल एल’ हा शब्दही तिनेच रूढ केला. एल आणि माडी यांच्यात फरक मात्र मूलभूत आहे. जवात स्टार्च असतो. त्याची साखर करण्यासाठी धान्य मोड आणून भाजावे, भिजवावे, शिजवावे लागते. माडात साखर तयारच असते. म्हणून एलला भट्टी, पिंपे, इंधन आणि भांडवल लागले. माडीला एक माणूस, एक कोयती आणि एक झाड पुरले. हॉप्सने बिअर टिकाऊ केली, माडीला तसा कोणी पाठीराखा मिळाला नाही.

या दोन पेयांना जोडणारा एक विसरला गेलेला धागा कोकणच्या समुद्रातून जातो. पिंपातली एल नितळ करण्यासाठी माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला आयसिंग्लास वापरतात. घोळ माशाच्या या पिशवीला, म्हणजे बोताला, आजही सोन्यासारखा भाव आहे आणि तो मुख्यतः चीनकडे जातो. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांचीही त्यावर नजर होती. जॉन फोर्ब्स रॉयल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८४२ साली हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरच्या आयसिंग्लासवर लंडनमध्ये एक पुस्तिकाच छापली. इकडच्या कोळ्याने पकडलेल्या माशाने तिकडच्या मद्याचा गढूळपणा काढावा आणि इकडची माडी मात्र गढूळच प्यावी, असा हा व्यवहार.

पश्चिम किनाऱ्यावरच्या माडीचे लेखी उल्लेख जुने आहेत. १३२१ च्या सुमारास ठाण्यात राहिलेल्या जॉर्डानस या ख्रिस्ती धर्मगुरूने नारळाच्या आणि ताडाच्या झाडांतून निघणाऱ्या पेयाचे वर्णन केले आहे. गोव्यात राहिलेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा ग्रंथ १५६३ साली छापला गेला. त्यात सूर, सुरेपासून काढलेले मद्य आणि गूळ यांची नोंद आहे. माडाला दोन रीतींनी वाढवतात, एक नारळासाठी आणि एक सुरेसाठी, हा भेदही त्याला ठाऊक होता. तो आजही लागू आहे, कारण ज्या पोयीतून रस काढला तिला नारळ धरत नाही. माडाच्या मालकाला म्हणून दरवर्षी हिशोब करावा लागे: झाड नारळाला ठेवायचे की माडी काढणाऱ्याला खंडाने द्यायचे. पोर्तुगीजांच्या वसाहतींत सूर स्वयंपाकघरातही शिरली. यीस्ट मिळत नव्हते तिथे पावाचे पीठ सुरेने फुगवले गेले, आणि गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत सण्णां अजूनही तशीच करण्याची रीत आहे. उरलेल्या सुरेचा शिरका झाला, त्यात मासे आणि मांस मुरू लागले.

रत्नागिरीत माडी काढण्याचे काम भंडारी समाजाचे. समाजाचे नाव ‘भांडार’ म्हणजे कोठार किंवा खजिना यावरून आले असे एक मत. मद्य गाळणाऱ्याला असलेल्या ‘मंडहारक’ या संस्कृत शब्दावरून आले असे दुसरे. एकोणिसाव्या शतकातल्या वसाहती अभ्यासकांना दुसरी व्युत्पत्ती आवडे, समाजाला पहिली. वाद भाषाशास्त्राचा असला तरी त्यामागे प्रतिष्ठेचा प्रश्न होता. समाजात कित्ते, हेटकरी, थळे, गावड अशा पोटशाखा आहेत. रत्नागिरीकडे हेटकरी, म्हणजे हेटच्या, दक्षिणेकडच्या भागातले. भंडारी सगळेच माडावर चढत होते असे मानणे चुकीचे. दर्यावर्दी आणि लढवय्ये म्हणूनही त्यांची ओळख होती. १६७९ साली खांदेरी बेटावर शिवाजी महाराजांच्या बाजूने इंग्रजांशी झुंजलेल्या आरमारात मायनाक भंडारी हे एक प्रमुख नाव. माडाच्या माथ्यावर आणि गलबताच्या डोलकाठीवर चढण्यात फार अंतर नाही, असे कोणी म्हटले तर ते खोडून काढणे कठीण आहे.

पेशवाईने मद्याबाबत कडक धोरण ठेवले. तरी कोकणात ते जसेच्या तसे चालवता आले नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी पेशव्यांच्या रोजनिशीवरच्या निबंधात दिलेल्या माहितीनुसार, वसई, चौल या पोर्तुगीजांकडून जिंकलेल्या मुलखात मद्यबंदीमुळे पोट बुडाले अशी भंडाऱ्यांची तक्रार आली आणि मग भंडारी, कोळी अशा जातींपुरती मुभा देण्यात आली. ब्राह्मण, प्रभू आणि सरकारी नोकर यांना मात्र बंदी कायम राहिली. हा निर्णय नीट पाहण्यासारखा आहे. त्या सरकारने माडी मोजायचा प्रयत्न केला नाही, पिणारा कोण आहे ते मोजले.

१८१८ साली दक्षिण कोकण कंपनी सरकारकडे आले. कारभाराचे ठाणे आधी बाणकोटला होते, ते १८२२ साली रत्नागिरीला हलले, आणि तेव्हाचा जिल्हा थेट दक्षिणेला मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत पसरलेला होता. सुरुवातीची पद्धत मक्त्याची होती: गावोगावच्या मद्यविक्रीचा मक्ता लिलावात जो घेईल त्याने सरकारात ठरलेली रक्कम भरायची आणि पुढे आपले आपण बघायचे. मक्तेदार बदलले तरी झाडावर चढणारा तोच होता, आणि घरामागे माडीपासून मद्य गाळणारी छोटी भांडीही तशीच होती.

खरी कलाटणी मिळाली ती १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने. चार्ल्स प्रिचर्ड हे तेव्हा जकात, मीठ, अफू आणि आबकारी या चारही खात्यांचे आयुक्त. नव्या धोरणाची धार त्यांची. गाळलेल्या मद्याची विखुरलेली भांडी बंद पाडून ते मोठ्या, देखरेखीखालच्या भट्ट्यांत एकवटायचे, म्हणजे प्रत्येक गॅलनवर कर बसवता येतो, हे सूत्र. गाळलेले मद्य पिंपात भरता येते, त्याची तीव्रता यंत्राने मोजता येते, महिनाभर गोदामात कुलपाखाली ठेवता येते. माडीला यातले काहीच चालत नाही. सकाळी मोजलेली आणि संध्याकाळी मोजलेली माडी एक नसते, आणि ती गोदामात ठेवली तर उद्या शिरक्यावर कर वसूल करावा लागेल. म्हणून सरकारने माडीऐवजी झाड मोजले. ज्या माडाची पोय कापायची त्याचा आगाऊ परवाना, प्रत्येक झाडामागे ठराविक पट्टी, आणि परवाना असलेल्या झाडांवर ओळखीची खूण. रस किती निघाला, पोय मध्येच सुकली का, काढणारा आजारी पडला का, याच्याशी पट्टीला देणेघेणे नव्हते.

योगायोगाने १८८० साली खुद्द ब्रिटनमध्येही मद्यकराची पद्धत बदलली. तोवर कर माल्टवर होता. पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी तो काढून बिअरवर बसवला, आणि आंबण्यापूर्वीच्या काढ्याची घनता मोजून तो आकारायचे ठरले. तिथल्या बिअरवाल्याला कोणते धान्य किती वापरायचे याचे स्वातंत्र्य मिळाले. त्याच दशकात कोकणातल्या भंडाऱ्याच्या हातात झाडावर खूण केलेला परवाना पडला. दोन्हीकडे एकच साम्राज्य आणि एकच अडचण, की आंबणाऱ्या वस्तूला नेमके कुठे पकडायचे. पण उत्तर काढताना एकीकडे उत्पादकाला विचारले गेले, दुसरीकडे नाही.

झाडाची पट्टी वाढत गेली तसा थोडी झाडे राखणारा माणूस आतबट्ट्यात आला. ज्याच्याकडे रोख भांडवल आहे तो परवाने एकत्र घेऊ लागला आणि चढणारा त्याच्याकडे मजुरीवर राहिला. मुंबईचा रस्ता, म्हणजे बोटीचा मार्ग, मोकळा होताच. गिरण्या, गोदी, पोलिस आणि लष्कर यांत रत्नागिरीचे भंडारी मोठ्या संख्येने गेले. समाजातल्या शिकलेल्या पिढीने माडापासून दूर जाण्यालाच प्रगती मानले, आणि त्यांच्या परिस्थितीत ते समजण्यासारखे होते. याच समाजातले सी. के. बोले यांनी १९२३ साली मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मांडला, ज्याचा आधार पुढे महाडच्या सत्याग्रहाला मिळाला. मुंबईत कंत्राटदार म्हणून नाव कमावलेल्या भागोजीशेठ कीर यांनी रत्नागिरीत सर्वांना प्रवेश असलेले पतितपावन मंदिर उभारले. ते १९३१ साली खुले झाले. या माणसांच्या चरित्रांत माडी जवळपास दिसत नाही.

राष्ट्रीय चळवळीने माडीला आणखी एका बाजूने घेरले. १९२१ च्या असहकारात आणि पुन्हा १९३० मध्ये मद्याच्या दुकानांसमोर निरोधने झाली. आबकारीचा पैसा परक्या सरकारच्या तिजोरीत जातो, हा आर्थिक मुद्दा आणि व्यसनमुक्तीचा नैतिक मुद्दा एकत्र आले. त्या भरात कारखान्यातले तीव्र मद्य आणि झाडाखाली प्यायची सौम्य माडी यांत फरक करायला कोणाला सवड नव्हती. तरी व्यसनाचा मुद्दा पोकळ नव्हता. संध्याकाळची मजुरी दुकानात ठेवून घरी जाणाऱ्यांची घरे किनाऱ्यावरही होती.

मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ साली आला आणि १९५० च्या एप्रिलपासून राज्यभर पूर्ण बंदी लागू झाली. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री, मोरारजी देसाई गृहमंत्री. कायद्यातल्या मद्याच्या व्याख्येत स्पिरिट, वाइन आणि बिअर यांच्याच रांगेत ताडी-माडी बसवली गेली. हजारो पोयी एका हंगामात रिकाम्या राहिल्या. पर्याय म्हणून सरकारने आणि खादी-ग्रामोद्योगाच्या यंत्रणेने निरा आणि ताडगूळ यांचा पुरस्कार केला. मुंबईच्या रेल्वे स्थानकांवरची निरा केंद्रे त्याच धोरणाची निशाणी. चुना लावलेले मडके आता कायदेशीर आणि न लावलेले बेकायदा. पण निराही सूर्य वर चढेपर्यंतच निरा राहते. रत्नागिरीला तेव्हा रेल्वे नव्हती आणि शीतपेट्याही नव्हत्या, त्यामुळे इथली निरा मोठ्या बाजारात पोचण्याआधीच स्वतःचा कायदा मोडत असे. बंदीच्या काळात चोरून गाळलेल्या हातभट्टीने जागा घेतली, कारण ती टिकते, बाटलीत मावते आणि लपवता येते. सौम्य पेय बंद झाले आणि जहाल पेय रुजले, हा बंदीचा कोकणातला ठळक परिणाम म्हणायला हवा.

१९६० च्या दशकात महाराष्ट्राने बंदी सैल केली आणि ताडी-माडीची दुकाने परवान्याने पुन्हा उघडली. मूळ कायदा रद्द झाला नाही; माडी विकण्याचा परवाना आजही दारूबंदी कायद्याखालीच मिळतो आणि तो राज्य उत्पादन शुल्क विभाग देतो. ‘ताडी-माडी विक्री केंद्र’ अशा पाट्या तेव्हापासूनच्या. दुकानांचे लिलाव होऊ लागले आणि मक्तेदारीचा जुना प्रश्न नव्या रूपात परत आला. लिलावात मोठी रक्कम बोलणाऱ्याला ती वसूल करायची असते, झाडे तर तेवढी नसतात. मग पाणी, साखरेला पर्याय सॅकरिन आणि गुंगीसाठी क्लोरल हायड्रेट यांचे मिश्रण माडी म्हणून खपवले गेल्याची प्रकरणे राज्यात वारंवार पकडली गेली. क्लोरल हायड्रेट हे झोपेचे औषध आहे. त्याची सवय लागते आणि प्रमाण चुकले तर जीव जातो. माडीच्या दुर्लौकिकातला मोठा वाटा या भेसळीचा आहे, आणि ही भेसळ चाखून ओळखणारे जुने गिऱ्हाईक आता थोडेच उरले आहेत.

दरम्यान बिअरने आपला मार्ग वेगळा काढला. राज्यातले मोठे बिअर कारखाने वाळूज आणि तळोज्याच्या औद्योगिक वसाहतींत उभे राहिले. त्यांची गाळलेली, थंड बाटली कोकणात कुठेही एकाच चवीने पोचते. २००९ साली पुण्यात ‘डूलाली’ सुरू झाली, जिथे बनवलेली ताजी, न गाळलेली बिअर जागेवरच प्यायला मिळू लागली. तिच्या नावात नाशिकजवळच्या देवळालीचा इंग्रजी अपभ्रंश आहे: मायदेशी जाणाऱ्या बोटीची देवळालीच्या छावणीत वाट पाहून वैतागलेल्या सैनिकांवरून ‘वेडसर’ या अर्थाने तो इंग्रजीत रुळला. पुण्या-मुंबईत पुढे अशी अनेक ठिकाणे निघाली. बनेल तिथेच, त्याच दिवशी, यीस्टसकट पिण्याची जी गोष्ट तिथे चढ्या दराने विकली जाते, ती रत्नागिरीतल्या माडाखाली शतकानुशतके रोजची होती.

माडाची जात आणि जोपासना यांवर रत्नागिरीत संशोधन चालते ते शहरालगतच्या भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्रात. हे केंद्र १९५५ सालचे, आता दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत. बाणवली आणि प्रताप या जातींची रोपे इथून आगरांत गेली. केंद्राचा भर नारळाच्या उत्पन्नावर, शहाळ्यावर आणि आंतरपिकांवर आहे, आणि बागायतदारही तोच हिशोब करतो: शहाळ्याला मुंबईत भाव आहे, माडाला रोज दोनदा चढणारा माणूस मात्र मिळत नाही. नारळ उतरवण्यासाठी आता पायाच्या कड्यांनी चालणारे शिडीसारखे यंत्र आले आहे, आणि ते वापरायला शिकवण्याचे वर्ग नारळ विकास मंडळ घेते. दोन-तीन महिन्यांतून एकदा माडावर जाऊन नारळ पाडायला ते यंत्र पुरते. पोय बांधणे, तिला जोखून ठोकणे आणि सकाळ-संध्याकाळ तिची पातळ चकती काढणे या कामाला ते चालत नाही.